पेट्रोलची मोठी रिमोट गाडी विजेवर न्यायची तर

रिमोटची गाडी म्हटलं की डोळ्यांसमोर दिवाळीत आणलेलं आणि तुळशीच्या लग्नापर्यंत मोडलेलं खेळणं येतं. हा लेख त्या गाडीबद्दल नाही. इथे विषय आहे तो 1/5 मापाच्या, म्हणजे खऱ्या गाडीच्या पाचव्या हिश्श्याच्या, गाड्यांचा: लांबी सुमारे 80 सेंटिमीटर, वजन 10 किलो किंवा थोडं जास्तच, आणि मागच्या बाजूला 23 ते 30 सीसीचं खरंखुरं टू-स्ट्रोक पेट्रोल इंजिन. अशी गाडी ताशी 60-70 किलोमीटरने पायावर आली तर नडगी मोडते, हे सुरुवातीलाच सांगून ठेवतो.

अमेरिकेत आणि युरोपात या गाड्यांचे शौकीन बरेच आहेत. जर्मनीत एफजीसारख्या कंपन्यांनी मोठ्या मापाच्या पेट्रोल गाड्या आधीपासून बनवल्या, पण घराघरांत पोचली ती एचपीआयची बाहा 5बी ही टू-व्हील ड्राइव्ह बग्गी. नंतर 2012 साली लोसीची 5आयव्ही-टी आली, फोर-व्हील ड्राइव्ह आणि 26 सीसी झेनोआ इंजिनाची. झेनोआ हे जपानी इंजिन. कोकणात पावसाळ्यानंतर बागेतलं रान काढायला जो ग्रासकटर पाठीला लावतात, त्याच्या इंजिनाच्याच कुळातलं: एक सिलिंडर, दोरी ओढून चालू करायचं, हवेवर थंड होणारं, पेट्रोलमध्ये तेल मिसळून चालणारं. मिश्रण साधारण 25 ला 1, म्हणजे एक लिटर पेट्रोलला 40 मिलिलिटर टू-स्ट्रोक ऑइल. (छोट्या मापाच्या गाड्यांत नायट्रोवर चालणारी ग्लो-प्लगची इंजिनं असतात. तो प्रकार वेगळा, त्यात इथे शिरत नाही.)

आता अशी गाडी असलेले बरेच जण इंजिन काढून तिथे ब्रशलेस मोटर बसवतात. कारणं सरळ आहेत. आवाज हे पहिलं. सोसायटीच्या मागच्या मोकळ्या प्लॉटवर ग्रासकटर पळवायला कुठला सेक्रेटरी परवानगी देणार? दुसरं कारण कार्ब्युरेटर. त्यात रबरी पडदा असतो, तो कडक झाला की गाडी चालू व्हायला नखरे करते. आपल्याकडे 2025 पासून पंपावर सर्रास ई20 मिळतं, म्हणजे पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. पाणी पुरेसं साठलं की ते इथेनॉलला घेऊन तळाशी बसतं आणि वर वेगळा थर राहतो. पावसाळाभर टाकीत तसंच राहिलेलं मिश्रण दसऱ्याला इंजिनात घातलं तर काय होईल ते वेगळं सांगायला नको. तिसरं कारण म्हणजे इंजिनच गेलेलं असतं, पण चेसिस, शॉक, चाकं ठणठणीत असतात. माझ्या मते कन्व्हर्जन करायला हे तिसरं कारणच सगळ्यांत शहाणपणाचं. का, ते पुढे येईल.

क्लच गेला की काय काय जातं

पहिल्यांदा विचार करणाऱ्याला वाटतं, इंजिनाची ताकद अमुक हॉर्सपॉवर, तेवढ्या ताकदीची मोटर आणली की झालं. 26 सीसीचं इंजिन अडीच-तीन हॉर्सपॉवर देतं, म्हणजे ढोबळ 2 किलोवॅट. तेवढी मोटर सहज मिळते. कागदावर हिशोब जुळतो, आणि दुसऱ्याच दिवशी डिफरन्शिअलचे (चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरच्या संचाचे) दात चाळणीत गोळा करायची वेळ येते.

घोळ इथे होतो. टू-स्ट्रोक इंजिन कमी फेऱ्यांवर जवळजवळ निकामी असतं. म्हणून इंजिन आणि चाकं यांच्यामध्ये सेंट्रिफ्यूगल क्लच असतो, ॲक्टिव्हात असतो त्याच तत्त्वाचा. फेऱ्या मिनिटाला काही हजारांवर गेल्या की क्लचचे बूट बाहेर फेकले जातात, बेलला, म्हणजे बाहेरच्या वाटीला, घासतात, आणि तेव्हा कुठे ताकद चाकाकडे जायला लागते. तीही एकदम जात नाही, क्लच घसरत घसरत पकडतो. शिवाय चाक दगडात अडकलं की क्लच घसरतो आणि धक्का स्वतःवर घेतो. गिअर वाचतात. म्हणजे क्लच दोन कामं करतो, गाडी निघताना हळू हात देणं आणि संकटात फ्यूज होणं. यातलं दुसरं काम तो करतो हे तो काढून टाकेपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही.

मोटरला क्लच लागत नाही. ती शून्य फेऱ्यांवरच पूर्ण पीळ, म्हणजे टॉर्क, देते. किती, ते काढायला सोपं सूत्र आहे. ब्रशलेस मोटरवर केव्ही नावाचा आकडा असतो: एक व्होल्ट दिला तर बिनओझ्याची मोटर मिनिटाला किती फेऱ्या मारेल, तो हा आकडा. 800 केव्ही म्हणजे व्होल्टामागे 800 फेऱ्या. 9.55 ला या केव्हीने भागलं की एका ॲम्पिअरमागे किती न्यूटन-मीटर टॉर्क मिळतो ते निघतं. 800 केव्हीला साधारण 0.012. म्हणजे 150 ॲम्पिअर प्रवाह दिला तर 1.8 न्यूटन-मीटर.

आता इंजिन बघा. 2 किलोवॅट 10,000 फेऱ्यांवर मिळत असतील तर तिथला टॉर्क निघतो 1.9 न्यूटन-मीटर. म्हणजे इंजिन आपल्या सगळ्यांत चांगल्या फेऱ्यांवर जेवढा पीळ देतं, तेवढाच ही मोटर जागच्या जागी उभी असताना देते. आणि 150 ॲम्पिअर ही काही मर्यादा नाही. मोटरला वीज देणारा चांगला कंट्रोलर क्षणभर याच्या दुप्पट प्रवाह सोडतो, तेव्हा पीळही दुप्पट. तोही मध्ये क्लच नसताना, थेट धातूला धातू.

त्यामुळे इथे सगळी मेहनत जाते ती ताकद आवरण्यात, आणायची चिंता फारशी नसतेच. मोटर कोणती, बॅटरी किती व्होल्टची, पिनियनला (मोटरच्या शाफ्टवरच्या छोट्या गिअरला) दात किती, कंट्रोलरमध्ये पंच (निघतानाच्या झटक्याचा जोर) किती ठेवायचा, हे सगळं ठरवताना हीच गोष्ट समोर ठेवायची.

ब्रशलेस म्हणजे नेमकं काय

जुन्या डीसी मोटरमध्ये कॉइल फिरायची आणि कार्बनचे ब्रश तिला घासत वीज पोचवायचे. मिक्सर बिघडला की दुकानदार "कार्बन गेलाय" म्हणतो ते हेच कार्बन. ब्रशलेसमध्ये उलट असतं. कॉइल बाहेर, कवचाला घट्ट बसवलेल्या, आणि आत शाफ्टवर चुंबक फिरतो. घासणारं काही नाही. पण मग कुठल्या कॉइलला कधी वीज द्यायची हे कोणीतरी ठरवायला हवं. ते काम ईएससीचं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्पीड कंट्रोलरचं. त्याच्यातून मोटरकडे तीन तारा जातात. यातल्या कुठल्याही दोन अदलाबदल केल्या की मोटर उलटी फिरते. कन्व्हर्जनमध्ये हे फार कामाला येतं, कारण मोटर इंजिनाच्या उलट बाजूने बसवावी लागली तर दिशा फक्त दोन तारांनी सुटते. (सेन्सर नसलेल्या मोटरबद्दल बोलतोय. सेन्सर असेल तर तारा मनाने बदलायच्या नाहीत, दिशा कंट्रोलरच्या सेटिंगमधून बदलायची.)

सेन्सर म्हणजे चुंबक आत्ता कुठे आहे हे सांगणारे छोटे डोळे. ते नसले तर ईएससी ज्या कॉइलला त्या क्षणी वीज नाही तिच्यात उलट तयार होणारा व्होल्ट वाचून अंदाज बांधतो. गाडी उभी असताना तो व्होल्ट शून्यच असतो, त्यामुळे पहिले एक-दोन झटके अंदाजपंचे. 2 किलोच्या गाडीला ते जाणवत नाही. 10-12 किलोची गाडी मात्र निघताना चिरकते, थरथरते, आणि तेवढ्यात प्रवाह भसकन वाढतो. खडकाळ जागी हळूहळू चालवायची असेल तर सेन्सर असलेली मोटर घ्यावी. मोकळ्या मैदानात सुसाट पळवायची असेल तर नसली तरी बिघडत नाही.

व्होल्ट वाढवा, ॲम्पिअर कमी करा

लिथियम पॉलिमर बॅटरीचा एक सेल नाममात्र 3.7 व्होल्टचा, पूर्ण भरल्यावर 4.2. सेल एकापुढे एक जोडले की त्यांची संख्या एसमध्ये सांगतात. 4एस म्हणजे 14.8 व्होल्ट, 8एस म्हणजे 29.6 व्होल्ट, भरल्यावर 33.6.

2 किलोवॅट हवेत. 4एसवर त्यासाठी 135 ॲम्पिअर लागतात, 8एसवर 68. तारा, कनेक्टर, ट्रान्झिस्टर यांच्यात जी उष्णता होते ती प्रवाहाच्या वर्गाने वाढते, म्हणजे प्रवाह निम्मा केला की उष्णता चौथा हिस्सा. महापारेषण लांबची वीज लाखो व्होल्टवर नेतं ते याच कारणासाठी. 1/5 गाडीला म्हणूनच 6एसच्या खाली जाऊ नये, आणि 8एस हे आता रूढ झालंय. ट्रॅक्सासने 2015 मध्ये एक्स-मॅक्स ही मोठी गाडी आणली ती पहिल्यापासून विजेवरच, सुरुवातीला 6एस, लगेच पुढे 8एस. लोसीच्या डेझर्ट बग्गीची विजेवरची आवृत्तीही 8एसचीच. त्यामुळे 8एसचं सामान सर्वांत जास्त मिळतं: कॅसलचा मांबा एक्सएलएक्स कंट्रोलर आणि त्याच्या जोडीची 2028 मापाची मोटर, किंवा हॉबीविंगचा ईझीरन मॅक्स5 आणि 56113 मोटर. दोन्ही मोटरा 800 केव्हीमध्ये मिळतात.

8एसचा कंट्रोलर म्हणजे 33.6 व्होल्टपर्यंतचा. बाजारात 4.35 व्होल्टपर्यंत भरणारे हाय-व्होल्टेज सेल मिळतात. तसे 8 सेल पूर्ण भरले तर 34.8 होतात. "एवढ्याशा फरकाने काय होतंय" म्हणून ते लावू नका.

प्रत्यक्षात 8एसचा एकच गठ्ठा क्वचित वापरतात. दोन 4एस बॅटऱ्या सिरीजमध्ये जोडतात. पेट्रोलची टाकी होती तिथे एक आणि पलीकडे एक, असं वजनही दोन बाजूंना वाटलं जातं. सिरीजमध्ये व्होल्ट बेरीज होतात, क्षमता तीच राहते: 5000 एमएएचच्या दोन 4एस मिळून 8एस 5000 एमएएच. दोन्ही एकाच कंपनीच्या, एकाच क्षमतेच्या आणि एकाच वेळी घेतलेल्या हव्यात. एक जुनी एक नवी जोडली तर जुनी आधी रिकामी होते, आणि नवीच्या जोरावर तिच्यातून प्रवाह ओढला जात राहतो. ती फुगते. बॅटरी किती प्रवाह देऊ शकते ते सांगणाऱ्या, पाकिटावरच्या "100सी", "120सी" या आकड्यांवर फार विश्वास ठेवू नका. त्यापेक्षा बॅटरीचं वजन बघा. त्याच क्षमतेची जी बॅटरी संशयास्पद हलकी, ती तेवढा प्रवाह देत नाही.

आता चालेल किती वेळ? इथे पेट्रोलवाले हसतात, आणि त्यांना हसू द्यावं. 700 मिलिलिटर पेट्रोलमध्ये सुमारे 6 किलोवॅट-तास ऊर्जा असते. आपल्या 8एस 5000 मध्ये 148 वॅट-तास. म्हणजे चाळिसावा भाग! इंजिन त्यातली बहुतेक ऊर्जा सायलेन्सरमधून आणि फिन्समधून हवेत उधळतं, काही मिश्रण तर न जळताच बाहेर पडतं, म्हणून फरक प्रत्यक्षात एवढा राहत नाही. पण राहतोच. बॅटरी 80 टक्केच वापरायची असते, म्हणजे 118 वॅट-तास. मोकळ्या मैदानात सरासरी 500 ते 600 वॅट धरले तर 12 ते 14 मिनिटं. त्याच गाडीची पेट्रोल टाकी अर्धा-पाऊण तास चालायची. दुसरी जोडी घ्यावी लागते, आणि खर्चाचा अंदाज चुकतो तो इथे, मोटरच्या किमतीत नाही.

केव्ही आणि दात

इंजिनाच्या गाडीत गिअरचं प्रमाण इंजिनाच्या फेऱ्यांसाठी ठरवलेलं असतं. मोटर त्याहून वेगात फिरली की तेच प्रमाण चुकीचं होतं. समजा तुमच्या गाडीत पिनियनला 17 दात आणि स्परला (पिनियन ज्याला फिरवतो त्या मोठ्या गिअरला) 57, आणि इंजिन जोरात असताना 14,000 फेऱ्या मारत होतं. मोटरच्या ओझ्याखालच्या फेऱ्या काढायला केव्ही गुणिले नाममात्र व्होल्ट करून त्यातले 15 टक्के सोडून द्यायचे. 800 केव्ही, 29.6 व्होल्ट: 23,680, त्यातून 15 टक्के गेले की साधारण 20,100. इंजिनाच्या जवळजवळ दीडपट. तेच 17 दात ठेवले तर गाडी दीडपट वेगाने पळायला बघेल, मोटरला तेवढा वेग झेपणार नाही, आणि ती तापेल. 14,000 ला 20,100 ने भागून 17 ने गुणलं की येतात सुमारे 12. म्हणजे 12 दातांचा पिनियन लावला की जुनाच वेग मिळतो, आणि चाकाला पीळ मात्र आधीपेक्षा जास्त.

दुसरा रस्ता म्हणजे हीच मोटर 6एसवर चालवायची. 22.2 व्होल्टवर ती 15,100 फेऱ्यांपर्यंत येते आणि 16 दातांत काम भागतं. तिसरा, 550-600 केव्हीची मोटर 8एसवर, म्हणजे जुने गिअर जवळपास तसेच. मला तिसरा रस्ता आवडतो. कमी केव्हीची मोटर प्रत्येक ॲम्पिअरमागे जास्त पीळ देते, म्हणून त्याच कामाला प्रवाह कमी लागतो. पण ती मोटर मोठी, जड आणि महाग असते, हेही खरं.

पडताळणी चाकावरून करा. मागच्या टायरचा व्यास 17 सेंटिमीटर धरला तर परीघ 53 सेंटिमीटर. ताशी 70 किलोमीटरला चाक मिनिटाला सुमारे 2,180 फेऱ्या मारतं. मोटर 20,100, म्हणजे एकूण प्रमाण सव्वानऊला एक हवं. यात पिनियन-स्परचंच नव्हे तर डिफरन्शिअलमधलंही प्रमाण धरायचं. ते माहीत नसेल तर स्पर हाताने फिरवा, दोन्ही चाकं सारखी फिरू द्या, आणि चाकांची एक फेरी व्हायला स्परच्या किती फेऱ्या लागल्या ते मोजा.

पिनियन मागवताना आणखी एक भानगड असते, दाताचं माप. याला मॉड्यूल म्हणतात. मोठ्या गाड्यांत 1 आणि 1.5 दोन्ही दिसतात आणि एकमेकांत बसत नाहीत. जुना स्पर काढून व्हर्निअरने बाहेरचा व्यास मोजा, दातांच्या संख्येत 2 मिळवून त्याने भागा. 57 दातांच्या स्परचा व्यास 88.5 मिलिमीटर आला तर 88.5 भागिले 59, म्हणजे मॉड्यूल 1.5. पिनियनचं भोक मोटरच्या शाफ्टएवढं हवं. या मापाच्या मोटरांत ते बहुधा 8 मिलिमीटर असतं, 5 नाही.

हातात पाना घेतल्यावर

इंजिन, सायलेन्सर, टाकी, एअर फिल्टर, कार्ब्युरेटर ओढणारा सर्व्हो (रिमोटच्या हुकुमाने हलणारी छोटी मोटर), सगळं निघतं. वजनाचं गणित बऱ्यापैकी जुळतं: इंजिन आणि पाइप मिळून दोन-अडीच किलो जातात, मोटर किलोच्या आसपास, बॅटऱ्या किलो-दीड किलो. पण बऱ्याच गाड्यांत इंजिन मागच्या चौकटीला ताठपणाही देत असतं. म्हणून मोटर नुसती कुठेतरी अडकवून चालत नाही. बाहा आणि 5आयव्ही-टी यांच्यासाठी तयार ॲल्युमिनियम माउंट मिळतात. गावातल्या लेथवाल्याकडून करून घेणार असाल तर 6 मिलिमीटरपेक्षा बारीक पत्रा घेऊ नका, आणि मोटरच्या स्क्रूंची भोकं लांबट कापायला सांगा, पिनियन मागेपुढे सरकवायला. माउंट मोटरला चिकटून बसलं की तेच तिचा हीटसिंकही होतं.

पिनियन आणि स्परमधली फट कागदाने लावायची. वर्तमानपत्राची पट्टी दोघांच्या दातांत घालायची, मोटर पिनियनसकट स्परकडे दाबायची, स्क्रू आवळायचे, मग स्पर फिरवून पट्टी बाहेर काढायची. पट्टीवर शिडीसारख्या घड्या उठल्या आणि ती फाटली नाही, तर फट बरोबर. फाटली तर गिअर फार जवळ आहेत, गाडी कण्हत चालेल. घड्या पुसट आल्या तर फार लांब आहेत, पहिल्या उडीत दात जातील. स्परची एक अख्खी फेरी हे तपासायचं, कारण स्पर थोडासा लंबगोल असतोच. धातूत धातू जाणाऱ्या प्रत्येक स्क्रूला निळं थ्रेडलॉक (स्क्रू सैल होऊ न देणारा डिंक) लावायचं, पिनियनच्या ग्रब स्क्रूला तर नक्कीच, आणि तो शाफ्टच्या सपाट बाजूवरच बसवायचा.

सोल्डरिंगला घरातलं 25 वॅटचं सोल्डरिंग आयर्न विसरा. 8 गेजची तांब्याची तार उष्णता एवढी पटकन पिते की टोकावर कथील वितळतं, पण तारेत मुरत नाही. वरून चकचकीत डाग आणि आत कोरडा जोड. असा जोड 100 ॲम्पिअरला तापून सुटतो. 100 वॅटचं, जाड टोकाचं आयर्न घ्या, आधी तारेला आणि कनेक्टरच्या कपाला वेगवेगळं कथील पाजा, मग दोन्ही एकत्र तापवा.

बॅटरी पहिल्यांदा जोडताना कनेक्टरमध्ये ठिणगी उडते, छोटी नव्हे, चांगली "फट्ट" आवाजाची. कंट्रोलरमधले कपॅसिटर रिकामे असतात, ते क्षणात भरतात म्हणून. कनेक्टरचा मुलामा त्याने जळत जातो. यासाठी अँटिस्पार्क कनेक्टर मिळतात. त्यांत आधी एक छोटा रेझिस्टर टेकतो, कपॅसिटर सावकाश भरतात, मग पूर्ण जोड होतो. 8एसवर हे चैनीत मोडत नाही. तारा लांबवायच्याच झाल्या तर मोटरच्या लांबवा, बॅटरीच्या नको. बॅटरीकडच्या तारा लांबल्या की व्होल्ट झटक्याझटक्याने वरखाली होतो आणि कपॅसिटर तापून फुगतात. नाइलाज असेल तर कंट्रोलरजवळ जादा कपॅसिटरचा संच जोडा.

ब्रेकबद्दल बऱ्याच जणांना शंका असते. पेट्रोलच्या गाडीत एकच सर्व्हो एका बाजूला कार्ब्युरेटर उघडतो, दुसऱ्या बाजूला डिस्क ब्रेक ओढतो. विजेच्या गाडीत ब्रेक मोटरच लावते, ती जनरेटर होते आणि थोडी वीज बॅटरीत परत जाते. डिस्क काढून टाकली तरी चालतं. मात्र ब्रेकची ताकद आधी कमी ठेवा. टू-व्हील ड्राइव्ह गाडीत फक्त मागची चाकं अडतात आणि वळणावर गाडी गर्रकन फिरते.

आणि रिसीव्हरची वीज. आधी त्याला स्वतःची 6 व्होल्टची बॅटरी होती. आता ती कंट्रोलरमधल्या बीईसीकडून येते, म्हणजे मोठ्या बॅटरीचा व्होल्ट उतरवून रिसीव्हरला देणाऱ्या भागाकडून. मोठ्या गाडीचा स्टिअरिंग सर्व्हो अडकला की काही ॲम्पिअर ओढतो. बीईसीला ते झेपलं नाही तर व्होल्ट पडतो, रिसीव्हर बंद होऊन पुन्हा चालू होतो, आणि तेवढ्या सेकंदात 10 किलोची गाडी कोणाचीच नसते. सर्व्होचा कमाल प्रवाह आणि बीईसीची क्षमता शेजारी शेजारी लिहून बघा. कमी पडत असेल तर वेगळी बीईसी लावा. फेलसेफ म्हणजे सिग्नल गेला की गाडीने काय करायचं, ते रिसीव्हरमध्ये ब्रेकवर बांधून ठेवा आणि चाकं हवेत असताना ट्रान्समीटर बंद करून खात्री करा.

फोर-व्हील ड्राइव्ह गाडीत मधल्या डिफरन्शिअलचं तेल बदलावं लागतं. पीळ वाढला की पुढची चाकं उचलली जातात, सगळी ताकद त्यांच्यातून निसटते आणि टायर फुग्यासारखे वाढतात. जाड सिलिकॉन तेल, काही लाख सीएसटीचं (हे तेलाच्या घट्टपणाचं एकक), घातलं की ताकद मागे जायला लागते.

बॅटऱ्या आणायच्या कशा

भारतात या मापाच्या बॅटऱ्या मिळतात, पण निवड मर्यादित आहे. त्यामुळे अमेरिकेतून सुट्टीवर येणाऱ्या भाच्याला सांगायची पद्धत आहे. त्याला आधी एवढं समजावा की या बॅटऱ्या चेक-इन सामानात चालत नाहीत, केबिन बॅगेतच, टोकं झाकून. 100 वॅट-तासांपर्यंत सहसा हरकत नसते, 100 ते 160 ला विमान कंपनीची परवानगी लागते, त्यापुढे बंदी. 4एस 5000 एमएएच भरते 74 वॅट-तास, ती सुटते. 4एस 8000 होते 118, तिथे आधी विचारावं लागतं. अख्खा 8एस 8000 चा गठ्ठा 237 चा, तो आणूच नका. दोन 4एस घेण्याचा हा आणखी एक फायदा.

विदर्भातल्या वाचकांसाठी: लिपो, म्हणजे लिथियम पॉलिमर बॅटरी, 45 अंशांच्या वर चार्ज करायची नसते. मे महिन्यात नागपूरला गच्चीवर ती चार्जिंगला लावाल तर सुरुवातच मर्यादेवर होते. गाडी चालवून आल्यावर बॅटरी हाताला कोमट लागेपर्यंत थांबा, मग चार्ज करा. आठवडाभर वापरणार नसाल तर प्रत्येक सेल 3.8 व्होल्टवर आणून ठेवा, भरून ठेवू नका.

आता ते तिसरं कारण. कंट्रोलर, मोटर, दोन जोड्या बॅटऱ्या, दोन वाटांचा चार्जर, माउंट, पिनियन, कनेक्टर यांची बेरीज केली की ती जुन्या चेसिसच्या किमतीच्या पुढे सहज जाते. हातात काहीच नसेल आणि मोठी विजेची गाडी हवी असेल तर कारखान्यातूनच विजेवर आलेली घ्या. तिचे डिफरन्शिअल, शाफ्ट आणि टायर त्या पिळासाठी बनवलेले असतात. चालू इंजिनाची गाडी फक्त आवाजासाठी मोडणार असाल तर आधी पाइप बदलून बघा. पण इंजिन गेलेलं, चेसिस दणकट आणि हात शिवशिवत असतील, तर कन्व्हर्जनसारखी मजा नाही.

पहिल्या दिवशी ट्रान्समीटरमध्ये थ्रॉटल 50 टक्क्यांवर बांधा, कंट्रोलरमधला पंच सगळ्यात खाली ठेवा. चाकं हवेत धरून पूर्ण थ्रॉटल कधीच द्यायचा नाही, बिनओझ्याचे टायर फुगून रिमवरून सुटतात. मैदानात तीन मिनिटं चालवा, आणा, मोटरच्या कवचावर इन्फ्रारेड थर्मामीटर धरा. उन्हाळ्यात तापमान 70 च्या आत असेल तर ठीक. 80 च्या पुढे गेलं तर पिनियनचा एक दात कमी करा, कारण आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा बरंच जास्त असतं आणि निओडिमियम चुंबक तापून एकदा कमजोर झाला की थंड झाल्यावर पूर्ववत होत नाही. तिन्ही तारांचे जोडही तपासा. एकच जोड बाकीच्यांपेक्षा गरम असेल तर तो कोरडा आहे, पुन्हा सोल्डर करा. असं दोन-तीन फेऱ्यांत सगळं जागेवर बसलं की मग पंच आणि थ्रॉटल टप्प्याटप्प्याने वाढवा.

काढलेलं इंजिन भंगारात देऊ नका. पाइप, कार्ब्युरेटर आणि क्लच बेल यांना अजून चांगलं गिऱ्हाईक आहे. फक्त पाठवण्याआधी पेट्रोल पूर्ण निथळून आठवडाभर उघड्यावर वाळू द्या, वास आला तर कुरिअरवाला पार्सल परत करतो.